सेरेंगेटीची सफारी : नियोजनामागील भूगोल

१. विषयप्रवेश

स्वाहिली भाषेतील 'सफारी' हा शब्द अरबी 'सफर' या शब्दापासून सिद्ध झाला आहे. फारसीच्या वाटेने मराठीत रूढ झालेला 'सफर' हाही त्याच मुळाचा होय. पूर्व आफ्रिकेत या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'प्रवास' एवढाच आहे. वन्य पशूंचा त्याच्याशी काही अवश्य संबंध नाही. शिकाऱ्यांच्या मोहिमांमुळे आणि पुढे पर्यटनामुळे या शब्दास आजचा संकुचित अर्थ प्राप्त झाला. या मूळ अर्थाचे स्मरण ठेवणे उपयुक्त आहे. कारण अभयारण्याची भेट ही प्राणिसंग्रहालयाची भेट नव्हे. तेथील प्राणी स्वतःच सफरीवर असतात, आणि त्यांच्या प्रवासाशी आपल्या प्रवासाचा मेळ कसा घालावयाचा, हाच नियोजनाचा खरा प्रश्न असतो.

प्रस्तुत लेखात टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान व त्यास लागून असलेले न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र यांच्या भेटीची आखणी कशी करावी, याचे विवेचन करावयाचे आहे. कोणत्या महिन्यात जावे, कोठे मुक्काम करावा, किती दिवस लागतील, या प्रश्नांची ठराविक उत्तरे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत मिळतात. परंतु ती उत्तरे तशीच का आहेत हे जाणल्याशिवाय केलेला प्रवास महागडा ठरतो, आणि पुष्कळदा निराशाजनकही. पदव्युत्तर विद्यार्थी व अध्यापक यांनी तरी नियोजनाचा आरंभ पत्रकापासून न करता पर्जन्यमानाच्या नकाशापासून करावा, असे सुचवावेसे वाटते.

२. भूमी आणि पर्जन्य

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५१ साली झाली. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या आग्नेयेस सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरांचे न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र असून, उत्तरेस केनियातील मसाई मारा हा राखीव प्रदेश आहे. हे तिन्ही मिळून, भोवतालच्या काही राखीव क्षेत्रांसह, एकच परिसंस्था होते. नकाशावरील सीमारेषा मनुष्याने आखलेल्या आहेत. गवत आणि पाणी यांच्या मागे फिरणाऱ्या कळपांस त्या ठाऊक नाहीत.

या परिसंस्थेची किल्ली न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखीजन्य उच्चभूमीत आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या उच्चभूमीस अडतात. परिणामी तिच्या पश्चिमेस असलेली सेरेंगेटीची आग्नेय मैदाने पर्जन्यछायेत येतात. तेथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर वायव्येकडे हेच प्रमाण १,००० मिलिमीटरांहून अधिक होते. सह्याद्रीच्या माथ्यावरून देशाकडे उतरताना पर्जन्यमान किती झपाट्याने घटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ही रचना समजण्यास अडचण पडू नये. वाऱ्यांची दिशा निराळी, तत्त्व मात्र तेच.

यावरून सर्व कळप बारमाही उत्तरेतच राहतील, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आग्नेय मैदानांवर केरिमासी व ओल दोइन्यो लेंगाई या ज्वालामुखींची राख पसरलेली आहे. या राखेच्या मातीत, पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर, चुन्याचा कठीण थर तयार झाला असून वृक्षांची मुळे तो भेदू शकत नाहीत. म्हणून तेथे वृक्ष नाहीत. आखूड गवत मात्र आहे, आणि ते कॅल्शियम, फॉस्फरस यांसारख्या खनिजांनी समृद्ध आहे. गाभण व दुभत्या माद्यांस नेमकी हीच द्रव्ये हवी असतात. सारांश, उत्तरेत पाणी आहे, पण चारा तुलनेने निकस. दक्षिणेत चारा कसदार आहे, पण पाणी केवळ पावसाळ्यापुरते. या दोन टोकांमधील ओढाताण म्हणजेच सेरेंगेटीचे सुप्रसिद्ध स्थलांतर होय.

३. कळपांचे वर्ष

या स्थलांतरात सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट, सुमारे दोन लाख झेब्रे आणि आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातील थॉमसन गॅझेल ही कित्येक लाख हरणे भाग घेतात. त्यांचे वर्ष स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येईल.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'लहान पाऊस' सुरू होताच कळप दक्षिणेकडे वळतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते न्डुटू सरोवराच्या परिसरातील आखूड गवताच्या मैदानांवर असतात. वाइल्डबीस्टच्या बहुसंख्य माद्या फेब्रुवारीच्या सुमारास, अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात. जन्मलेले पाडस काही मिनिटांतच उभे राहते. एकाच वेळी लक्षावधी पाडसे जन्मास आल्यामुळे सिंह, तरस व चित्ते यांस त्यांतील अल्पांशच मारता येतो. जन्म वर्षभर विखुरलेले असते तर हानी कितीतरी अधिक झाली असती. मार्च ते मे या काळात 'मोठा पाऊस' पडतो. त्याच्या अखेरीस मैदाने सुकू लागली की कळप सेरोनेरा व पश्चिमेकडील ग्रुमेती नदीच्या दिशेने सरकतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचा मोठा भाग उत्तरेस मारा नदीच्या दोन्ही तीरांवर असतो. पुढे दक्षिणेत मेघ दिसू लागले की पुन्हा परतीचा प्रवास सुरू होतो.

या वर्णनासंबंधी दोन सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की, हे वेळापत्रक नसून सरासरी आहे. पाऊस दोन आठवडे लांबला की कळपही लांबतात. क्वचित दक्षिणेकडे निघालेले कळप पुन्हा उत्तरेकडे फिरतात. दुसरी अशी की, स्थलांतर म्हणजे केवळ मारा नदी ओलांडण्याचे दृश्य नव्हे. चलच्चित्रांनी हे दृश्य इतके प्रसिद्ध केले आहे की अनेक प्रवासी तेवढ्यासाठीच जातात. नदीकाठी तासन् तास खोळंबतात. वाहनांची दाटी होते, आणि कधीकधी त्या दाटीमुळेच कळप पाण्यात उतरण्याचे टाळतो. अर्ध्या तासाच्या घटनेवर संपूर्ण प्रवास पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.

४. मैदान 'अस्पर्शित' नाही

सेरेंगेटीत जाणाऱ्याच्या मनात बहुधा असे चित्र असते की, आपण मनुष्यस्पर्श न झालेली आदिम सृष्टी पाहणार आहोत. हा समज दूर करणे हाही नियोजनाचाच भाग मानला पाहिजे. कारण काय पाहावयाचे हे त्यावर अवलंबून आहे.

१८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आयात गुरांबरोबर बुळकांडीचा रोग शिरला आणि १८९० च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पसरला. मसाई लोकांची बहुतेक गुरे मेली. त्यामागून भीषण दुष्काळ आला. वाइल्डबीस्ट व रानम्हशी यांचीही तीच गत झाली. या रोगाशी आपल्याकडील पशुवैद्यक संशोधनाचा जवळचा संबंध आहे. गुरांच्या अशाच साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व कालांतराने आजच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेत परिणत झाली.

पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लॉराइट यांनी ऊतिसंवर्धनाने तयार केलेली बुळकांडीची लस वापरात आली. लस अर्थातच पाळीव गुरांस टोचली गेली; वन्य पशूंस नव्हे. परंतु गुरांतून रोग नाहीसा होताच १९६३ च्या सुमारास तो वाइल्डबीस्टमधूनही नाहीसा झाला. म्हणजे वन्य कळप हे रोगाचे मूळ आश्रयस्थान नव्हते, हे सिद्ध झाले. यानंतरची वाढ विस्मयकारक आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे अडीच लाख असलेली वाइल्डबीस्टची संख्या १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वणव्यांस इंधन उरेना. वणवे घटले, आणि त्यामुळे अनेक भागांत रोपे वाढून वृक्ष झाले. २०११ साली बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. आज प्रवाशास दिसणारे 'अनादि' दृश्य अशा रीतीने, काही अंशी, एका लसीचे फलित आहे. उत्तर सेरेंगेटीतील तरुण वृक्षराजी पाहताना हा कार्यकारणसंबंध ध्यानी घ्यावा.

दुसरा इतिहास मनुष्यांचा आहे. 'सेरेंगेटी' हे नावच मसाई भाषेतील असून त्याचा अर्थ विस्तीर्ण, अंतहीन मैदान असा सांगितला जातो. १९५९ साली उद्यानाच्या सीमा बदलण्यात आल्या. मसाई पशुपालकांस उद्यानातून बाहेर काढण्यात आले, आणि न्गोरोंगोरो हे स्वतंत्र क्षेत्र करून तेथे वन्य पशू व पशुपालक यांनी एकत्र राहावे असे ठरले. याच सुमारास बर्नहार्ड व मिखाएल ग्झिमेक या पितापुत्रांनी लहान विमानातून कळपांची गणना व त्यांच्या मार्गांचा शोध घेतला, आणि नव्या सीमा कळपांच्या भ्रमणाशी जुळत नाहीत असे दाखविले. जानेवारी १९५९ मध्ये विमान कोसळून मिखाएल मृत्यू पावले. त्यांची समाधी न्गोरोंगोरोच्या काठावर आहे. त्यांच्या कार्यामुळे सेरेंगेटीस जागतिक सहानुभूती लाभली हे खरे. परंतु 'मनुष्यविरहित उद्यान' हा आदर्शही त्याबरोबर दृढ झाला, हे विसरता येत नाही.

हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. न्गोरोंगोरोतील लोकसंख्या व गुरांची संख्या वाढल्याचे कारण देऊन टांझानिया सरकारने २०२२ पासून तेथील कुटुंबांचे शेकडो किलोमीटर दूर हांदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे स्थलांतर सुरू केले. हे स्थलांतर ऐच्छिक असल्याचे सरकार म्हणते. अनेक रहिवासी व मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था यांस ते मान्य नाही. प्रवासी जे शुल्क भरतो, तेच संरक्षणाचा आर्थिक आधार असते. म्हणून या वादात तो केवळ तटस्थ प्रेक्षक राहत नाही. त्याने प्रवास टाळावा असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु मसाई वस्तीस भेट द्यावयाची असल्यास ती कोणामार्फत, आणि त्या पैशांतील किती भाग वस्तीस मिळतो, हे आधी विचारावे. अनुमतीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. आणि न्गोरोंगोरोच्या उतारावर चरणारी गुरे ही दृश्यातील 'व्यत्यय' न मानता त्या भूमीच्या इतिहासाचा भाग मानावीत.

५. ऋतूची निवड आणि विद्यापीठीय वर्ष

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. आपल्याकडील अध्यापकांची मुख्य अडचण अशी की, सुट्ट्यांचा काळ व कळपांचा काळ यांचा मेळ बसत नाही. उन्हाळी सुट्टीतील एप्रिल-मे हे महिने तेथील मोठ्या पावसाचे होत. रस्ते चिखलमय असतात, काही निवासस्थाने बंद असतात. मात्र गर्दी नसते, दर उतरलेले असतात, आणि भूमी हिरवीगार असते. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी निघणे शक्य असल्यास मध्य व पश्चिम भागात कळप गाठता येण्याचा बराच संभव आहे. दिवाळीच्या सुट्टीत कळप उत्तरेकडून परतीच्या वाटेवर असतात. तेव्हा मुक्काम उत्तर व मध्य भागांत विभागावा. नाताळच्या सुमारास ते दक्षिणेत पोहोचत असतात. पाडसांच्या जन्माचा काळ, म्हणजे फेब्रुवारी, परिसंस्थेच्या अभ्यासकास सर्वांत बोधप्रद. पण त्यासाठी रजाच घ्यावी लागेल.

कळप चुकले तरी प्रवास वाया जात नाही. सेरोनेरा नदीच्या परिसरात सिंह, बिबळे, हत्ती व जिराफ बारमाही आढळतात. जॉर्ज शॅलर यांनी मध्य प्रदेशातील कान्हा येथे वाघ व हरणे यांचा अभ्यास केल्यानंतर १९६६ पासून सिंहांचा जो अभ्यास केला, तो याच मैदानांवर. दाट रानात एकटा हिंडणारा वाघ आणि उघड्या मैदानात कुटुंबाने राहणारा सिंह, हा भेद ताडोबा किंवा कान्हा पाहिलेल्या विद्यार्थ्यास येथे विशेष जाणवेल.

६. दिवसांची वाटणी

अरुशा नगरापासून सेरोनेरा सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. वाटेत न्गोरोंगोरो क्षेत्रातून जावे लागते व पुढील रस्ता बहुतांशी कच्चा असल्यामुळे पूर्ण दिवस खर्ची पडतो. यास्तव आठ दिवसांहून कमी अवधीत ही सफर आखू नये. पहिला दिवस अरुशा येथे विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरोच्या काठावर मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे विवरात उतरून सायंकाळी पुन्हा काठावर. चौथ्या दिवशी ओल्डुवाई घळ पाहून सेरेंगेटीत प्रवेश. त्यानंतर ऋतूनुसार न्डुटू, सेरोनेरा किंवा उत्तरेकडील कोगातेंदे येथे तीन रात्री. सातव्या किंवा आठव्या दिवशी परत. मुक्काम फार बदलू नयेत. एकाच ठिकाणी तीन दिवस राहणाऱ्यास जे दिसते, ते तीन ठिकाणी एकेक दिवस राहणाऱ्यास दिसत नाही.

न्गोरोंगोरोचे विवर सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे व ६०० मीटर खोल आहे. एक प्रचंड ज्वालामुखी वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी कोसळून ते निर्माण झाले. तेथे काळा गेंडा दिसण्याचा संभव आहे. जिराफ मात्र विवरात आढळत नाहीत. १९६२ साली दंश करणाऱ्या माशांच्या प्रादुर्भावाने तेथील सिंह दहा-पंधरांवर आले. आजचे सिंह बहुतांशी त्या अल्पसंख्य पूर्वजांचे व बाहेरून आलेल्या थोड्या नरांचे वंशज असल्याने, आनुवंशिकीच्या दृष्टीने हे विवर म्हणजे एक बेटच आहे. ओल्डुवाई येथे मेरी लीकी यांस १९५९ साली सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश कवटी सापडली. घळीच्या काठावरील संग्रहालयासाठी दोन तास अवश्य राखून ठेवावेत.

शुल्काची रचना समजून घ्यावी. प्रवेशशुल्क दरमाणशी व चोवीस तासांच्या हिशेबाने आकारले जाते. म्हणून प्रवेशाची वेळ खर्चावर परिणाम करते. उद्यानात राहण्याचे व विवरात वाहन उतरविण्याचे शुल्क निराळे. न्डुटू परिसर दोन प्रशासनांच्या सीमेवर असल्याने तेथे दोन्हींची अनुमतिपत्रे लागू शकतात. दर वरचेवर बदलतात. ते अधिकृत संकेतस्थळावरून पडताळून घ्यावेत, आणि प्रवासी कंपनीकडून कोणते शुल्क अंतर्भूत आहे हे लेखी घ्यावे.

७. आरोग्य व साहित्य

मुंबईहून जाणारे अनेक प्रवासी नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे विमान बदलतात. केनिया व इथिओपिया हे पीतज्वराच्या प्रदेशात मोडतात. भारतात या रोगाचा विषाणू नाही, पण त्याचा प्रसार करणारा एडीस डास मुबलक आहे; म्हणूनच परत येताना लसीचे प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाण्याचा नियम आहे. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते व २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य मानले जाते. हिवतापाचा धोका खरा आहे. प्रतिबंधक औषधांविषयी वैद्यांचा सल्ला निघण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी घ्यावा. त्सेत्से माशी निळ्या व काळ्या रंगांकडे आकृष्ट होते. तिच्यासाठी लावलेले सापळे त्याच रंगांचे असतात. तेव्हा कपडे मातकट रंगाचे असावेत. न्गोरोंगोरोचा काठ २,२०० मीटरांहून उंच असल्यामुळे तेथे रात्री कडाक्याची थंडी पडते. विषुववृत्त जवळ आहे म्हणून लोकरीचे कपडे घरी ठेवू नयेत. दुर्बीण प्रत्येकास स्वतंत्र हवी. लहान विमानाने जावयाचे असल्यास सामान पंधरा किलोग्रॅमच्या आसपास व मऊ पिशवीत असावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात; आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. वाहनचालकाशी वेळ ठरविताना कोणत्या गणनेने, हे विचारून घ्यावे. अन्यथा पहाटेचा मोलाचा समय गैरसमजात जावयाचा.

८. समारोप

वरील सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, सफारीचे नियोजन म्हणजे तारखा व निवासस्थाने यांची जुळवाजुळव नव्हे. पर्जन्यछाया, राखेची माती, गुरांचा रोग, सीमारेषांचा इतिहास आणि तेथील लोकांचे हक्क या साऱ्यांचा विचार केल्यावरच योग्य महिना व योग्य स्थळ ठरते. ज्याने हा विचार केला आहे त्यास एखादे वेळी कळप भेटले नाहीत, तरी रिकामे मैदानही वाचता येईल. गवत आखूड का, वृक्ष येथे का नाहीत, कळप गेले ते कोणत्या दिशेस, हे प्रश्न तो जागच्या जागी सोडवू शकेल. अभ्यासकाच्या प्रवासाची सफलता यात आहे. किती सिंह दिसले या गणनेत नाही.